सदर गाय वांझ आहे

कामरगावात वळू पाळणारे रामकिसनराव घाटोळ काही पहिले नव्हते. वळूचं रजिस्टर ठेवणारे मात्र ते पहिले, आणि देवाची कृपा असेल तर शेवटचेही.

चौतीस वर्षं त्यांनी पंचायत समितीत बाबूगिरी केली. तेवढ्या काळात त्यांच्या डोक्यावर एकवीस साहेब आले आणि गेले. निवृत्त झाल्यावर माणूस जमीन घेतो, चारधाम करतो, नाहीतर दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत बसतो. रामकिसनरावांनी आर्वीकडून वळू आणला. पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा, लांब तोंडाचा, चालताना वशिंड असं हलवायचा की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. नाव ठेवलं कलेक्टर. जन्मभर कलेक्टरच्या हाताखाली राबलो, आता एक कलेक्टर आपल्या दावणीला असू द्या, असं ते सांगत. आणि सांगताना हसत नसत.

पहिल्या दिवसापासून रजिस्टर सुरू झालं. अनुक्रमांक, दिनांक, गाईचं वर्णन, मालकाचं पूर्ण नाव, वेळ आणि शेरा. गाय माजावर आली की मालक तिला घेऊन यायचा. रामकिसनराव आधी नोंद करायचे, मग कलेक्टरला सोडायचे. नोंद पुरी होईपर्यंत गाय, मालक आणि वळू तिघंही ताटकळत. एकदा इंझोरीच्या माणसाला मालकाचं पूर्ण नाव सांगता येईना, कारण गाय सासऱ्याची होती आणि सासऱ्याला तो नुसतं 'मामा' म्हणायचा. तेवढ्यात कलेक्टरनं दावं तोडून काम उरकलं. रजिस्टरात त्या नोंदीपुढं 'विनापरवानगी' असा शेरा आहे.

दीड वर्षात अठ्ठावन्न गाई झाल्या. नऊ गाभण राहिल्या. बाकीच्या एकोणपन्नास तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आल्या, म्हणजे उलटल्या. उलटलेल्या प्रत्येक गाईपुढं रामकिसनरावांनी सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं. 'गाय अशक्त.' 'गाय भित्री.' 'मालक उशिरा आला.' 'मालक वेळेआधी आला.' एका गाईपुढं नुसतंच 'स्वभाव' असं आहे. वळूविषयी काही लिहायचं म्हटलं तर त्याला रजिस्टरात रकानाच नव्हता.

आता तीन-तीन वेळा उलटलेल्या गाईचं करायचं काय, हा गावापुढचा प्रश्न. दूध नाही, वासरू नाही, चाऱ्याला कुटार मात्र दोन्ही वेळा. विकावी तर घरातली म्हातारी आडवी येते. आणि विकलेली गाय पुढं कुठं जाते हे बाजारात कोणी विचारत नाही. न विचारण्याचं कारण सगळ्यांना माहीत असतं. हे पाप कोणाच्याच हाताला चिकटू नये म्हणून कामरगावानं एक रीत पाडली. घाटोळबाबूंकडून कागद आणायचा. 'दाखला देण्यात येतो की, सदर गाय वांझ आहे.' खाली जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का. शिक्का कारंज्याहून बनवून आणलेला, 'पशुमित्र मंडळ, कामरगाव' असा. मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद मिळून रामकिसनराव. एकदा कागद घरात आला की गाय घरच्यांनी विकली असं होत नसे, कागदानं विकली असं होई. म्हातारीही मग गाईला कुंकू लावून आत निघून जायची आणि गाडी हलेपर्यंत बाहेर यायची नाही.

असे अकरा दाखले गेले. रामकिसनराव त्याचे पैसे घेत नसत. लोक उठून नमस्कार करत, तेवढं घेत.

पण गाव किती दिवस गप्प बसणार? बसस्टँडजवळ गणेशचं हॉटेल आहे. तिथं चहाबरोबर कलेक्टरची चर्चा फुकट मिळू लागली. कोणी म्हणे, उडीद चारा. कोणी म्हणे, नजर लागली, पायात काळा दोरा बांधा. एका निवृत्त कंपाउंडरनं गुळवेलीचा काढा सुचवला आणि तो वळूनं प्यायचा की मालकानं, हे सांगायचं टाळलं. गणेशचं निदान सगळ्यात सोपं होतं.

"नावातच खोट हाये बाबूजी. कलेक्टर कधी सोता काम करते काय? तो सही करते. काम खालचे लोकं करते. शिपाई नाव ठेवा, बघा फरक."

रामकिसनराव चहा अर्धा टाकून घरी आले. घरी रंगूबाई भाजी निवडत होत्या. नवऱ्याची सगळी तक्रार त्यांनी मान खाली घालूनच ऐकली आणि म्हणाल्या, "एकोणपन्नास गाई चुकल्या अन् एक बैल बरोबर. आपल्या घराचाबी हिशोब असाच हाये."

"बैल नाई, वळू," रामकिसनराव म्हणाले. त्या दिवशीची त्यांची बाजू एवढीच.

अब्रू भरून काढायची तर लेखी पुरावा हवा, हे त्यांनी त्याच रात्री ठरवलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात गोविंदाची मुलगी दारात येऊन उभी राहिली.

गोविंदा हा त्यांच्या ऑफिसातला शिपाई, इंझोरीचा. बावीस वर्षं त्यानं रामकिसनरावांच्या टेबलावर पाणी ठेवलं आणि बावीस वर्षं रामकिसनरावांनी त्याला 'गोविंद्या' म्हटलं. त्याची मुलगी नीलिमा गुरांची डॉक्टर झाली होती आणि अकोल्याला पुढचं शिकत होती. वळूच्या वीर्यातल्या प्रथिनांचा शुक्रजंतूंच्या दर्जाशी काय संबंध, हा तिचा अभ्यास. त्यासाठी ती स्कूटीवरून गावोगावचे वळू धुंडाळत होती.

पहिली अडचण संबोधनाची आली. 'पोरी' म्हणावं तर ती डॉक्टर, 'मॅडम' म्हणावं तर ती गोविंद्याची. रामकिसनरावांनी वाटच अशी काढली की तिला काही म्हणायलाच नको. चहा घ्यावा, बसावं, वळू त्या बाजूला आहे. सगळी वाक्यं कर्त्यावाचून. सरकारी पत्रव्यवहाराचा अनुभव असा उपयोगी पडतो.

त्यांनी एकच अट घातली. तपासणी झाल्यावर वळू निर्दोष असल्याचं लेखी मिळावं.

"लेखी भेटंल काका," नीलिमा म्हणाली. "पन जे असंल तेच भेटंल."

वीर्य गोळा करायची पद्धत इथं खोलात शिरण्यासारखी नाही. कोमट पाणी भरलेली रबरी नळी, समोर खोड्यात उभा केलेला एक गरीब बैल आणि वळूची फसवणूक, एवढ्यात सगळं आलं. बघायला आख्खी गल्ली जमली. गणेशनं हॉटेलवर पडदा ओढला आणि पुढच्या रांगेत जागा धरली. कलेक्टरनं गर्दीकडं वीस मिनिटं पाहिलं, तालुक्याच्या पाहणीला आल्यासारखं. मग खोड्यातल्या बैलापुढचं कुटार खाल्लं. त्यानंतर लोकांची आशा सुटली तेव्हा त्यानं काम केलं.

नीलिमानं ती काचेची नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली आणि स्कूटीवरून सूक्ष्मदर्शक आणायला गेली. रंगूबाईंच्या घरात जनावरापासून जे जे येतं ते ते फ्रिजमध्ये जातं. दूध जातं, खरवस जातो, लोणी जातं. थर्मास उघडा दिसला. गरम पाण्यात वस्तू नासेल म्हणून त्यांनी नळी उचलून फ्रिजमध्ये विरजणाच्या वाटीशेजारी ठेवली, थर्मास विसळला आणि त्यात डॉक्टरीणबाईंसाठी आलं घालून चहा भरला.

नीलिमा परत आली आणि तिनं थर्मास उघडला.

अशा एकदम थंडीनं शुक्रजंतू जागच्या जागी मरतात, असं तिनं समजावलं. रंगूबाईंनी तिची माफी मागितली, फ्रिज दोनदा धुतला आणि पुढं महिनाभर दह्याला हात लावला नाही. रामकिसनरावांनी दिवसाच्या नोंदीत 'नमुना गहाळ' असं लिहिलं. चार दिवसांनी सगळी तयारी पुन्हा झाली. प्रेक्षकही पुन्हा तेच आले, या वेळी पोरंबाळं घेऊन.

दुसरा नमुना मात्र जिवंत राहिला. नीलिमानं ओसरीत सूक्ष्मदर्शक मांडला आणि आधी काकांना पाहायला सांगितलं. रामकिसनरावांनी चष्मा काढून डोळा लावला. काचेच्या एका ठिपक्यात कारंज्याच्या कापूस बाजारासारखी झुंबड होती, प्रत्येक जण घाईत, प्रत्येक जण दुसऱ्याला ढकलत पुढं. ते डोळा काढेनात. मागं रांग लागली. गणेशनंही पाहिलं आणि मग बाहेर येऊन जाहीर केलं की माल चोख आहे, दोष गाईचाच.

नीलिमा बाजूला बसली होती. ती रजिस्टर चाळत होती. तिनं पानापानाचे फोटो काढले. म्हणाली, एवढं नीट रजिस्टर मोठमोठ्या फार्मवर नसतं. हे वाक्य त्या संध्याकाळी रामकिसनरावांनी हॉटेलात तीन वेळा, तिन्ही वेळा सहज आठवल्यासारखं, सांगितलं. नमुन्यातलं पाणी वेगळं काढून तिनं बर्फात ठेवलं होतं आणि जंतू कसे पळतात ते दिसलं, आता ते कशात पळतात ते पाहते, असं सांगून ती गेली होती. हा भाग त्यांनी हॉटेलात सांगितला नाही, कारण तो त्यांना महत्त्वाचा वाटला नव्हता.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी, तिचा फोन आला.

"काका, जंतू भरपूर हायेत, पळतेतबी चांगले. पन ते ज्या पाण्यात पोहतेत ना, त्यात एक प्रथिन असते. ते त्याईच्या अंगावर बसते. बेतानं असलं तं सांभाळते. कलेक्टरमधी ते लई जास्त निघालं. मंग जे सांभाळाले पायजे तेच त्याईच्या अंगावरचा तेलकट थर ओढून काढते. जंतू पळत राह्यते, पन गाईच्या पोटात पोचेपर्यंत उघडा पडते."

"म्हंजे काय समजाव?"

"दिसाले देखणा, कामाचा नाई." ती म्हणाली. "नुसत्या एका तपासणीवर मी एवढं बोलली नसती. पन तुमचं रजिस्टर होतं. अन् तुमी दाखले देल्लेल्या अकरा गाईतल्या चार मले सापडल्या. नव्या मालकाईनं दुसऱ्या वळूपाशी नेल्या. तीन गाभण हायेत. काका, आता कोणत्याच गाईले वांझ लिहू नका."

रामकिसनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, हे लेखी कधी मिळेल? तिनं सांगितलं, अहवाल तयार आहे, पण तिचे सर परगावी गेले आहेत, त्यांच्या सहीशिवाय कागद बाहेर जात नाही, बुधवारी मिळेल. रामकिसनरावांना एकदम हायसं वाटलं. सहीशिवाय कागद बाहेर जात नाही, ही या सगळ्या प्रकरणात त्यांना पटलेली पहिली गोष्ट. त्यांनी डायरीत लिहिलं, 'दूरध्वनीवरून माहिती. ग्राह्य नाही.'

रविवारी सकाळी भागिरथाबाई आल्या.

भागिरथाबाई साठीच्या. भावाच्या वावराच्या कडेला एका टिनाच्या खोलीत एकट्या राहायच्या, आणि पाखरी नावाच्या गाईवर त्यांचं चालायचं. दूध गणेशच्या हॉटेलात जायचं. पाखरी आटून वर्ष होत आलं होतं आणि कलेक्टरपाशी चार वेळा येऊन चारही वेळा उलटली होती. कुटार संपलं होतं. सोमवारी उदयसिंग व्यापारी गाडी घेऊन येणार होता. दाखल्यासाठी ही त्यांची चौथी खेप. पहिल्या तीन वेळा रामकिसनरावांनी अर्जात त्रुटी काढल्या होत्या. त्यांना माणसाला एका खेपेत कागद देणं कधीच जमलं नव्हतं.

गणेश रंगूबाईंकडच्या दुधाच्या हिशोबाला म्हणून अंगणात बसला होता. रंगूबाई दारात. रामकिसनरावांनी कोरा दाखला पुढं ओढला आणि टोपण काढलं.

भागिरथाबाई म्हणाल्या, "बाबूजी, पाखरी नक्की वांझच हाये ना? तुमी म्हनान तं अजून एक डाव आणतो. उदयसिंगले सांगतो, पुढल्या बाजारी ये म्हणून. कुटार मी मागून आणीन कुठून तरी."

बुधवारपर्यंत थांबा, एवढे दोन शब्द पुरले असते. पण थांबा म्हटलं की का म्हणून विचारणार, का ते सांगितलं की गणेश ऐकणार, आणि गणेशनं ऐकलं की दुपारपर्यंत हॉटेलातल्या प्रत्येक टेबलावर कलेक्टरच्या पाण्याची तपासणी होणार. त्यातून निदान कोणी केलं, तर गोविंद्याच्या पोरीनं. हा सगळा जमाखर्च रामकिसनरावांच्या डोक्यात टोपण काढण्याच्या वेळात झाला.

"रेकॉर्डवर तसंच हाये," ते म्हणाले.

जावक क्रमांक बारा. सही. शिक्का. भागिरथाबाईंनी कागदाची घडी केली, पदरात बांधली आणि नमस्कार करून गेल्या. शनिवारचा फोन रंगूबाईंनी आतून ऐकला होता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी पाखरी गेली.

बुधवारी अहवाल फोनवर आला. रामकिसनरावांनी जीपनं कारंज्याला जाऊन त्याची छापील प्रत काढली. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता, भाषा मर्यादशील होती. नाव ठेवायला जागा नव्हती. झेरॉक्सच्या दुकानात उभ्यानंच त्यांनी तो तीनदा वाचला आणि मग विचारत विचारत उदयसिंगचं घर गाठलं.

उदयसिंग खाटेवर बसून पान लावत होता. कोणती गाय, म्हणाला. तांबडी, डाव्या शिंगाला खोक, कामरगावची, सोमवारची. रामकिसनरावांना रजिस्टरातलं वर्णन तोंडपाठ होतं. उदयसिंगला आठवलं. सोमवारीच पुढं दिली. कोणाला? त्यानं हनुवटीनं रस्ता दाखवला, पण रस्ता दोन्हीकडं जात होता.

"गाडीचा नंबर, नाव, गाव, काही तं असंल लिहून ठेवलेलं," रामकिसनराव म्हणाले.

"आमी तुमच्यावानी लिहून नाई ठेवत बाबूजी. लिहून ठेवलं तं धंदा होत नाई." त्यानं पान तोंडात टाकलं. "पन तुमचा कागद लई कामाचा. नाक्यावर कोणी अडवलं तं दाखवाले बरा पडते. एवढा पक्का कागद या भागात दुसरा कोणी देत नाई."

आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते असं मिळालं. रामकिसनराव उन्हात तसेच दोन ठिकाणी आणखी विचारत फिरले. एका ठिकाणी त्यांना व्यापारी समजून गिऱ्हाईक लागलं, दुसऱ्या ठिकाणी पोलिसांचा माणूस समजून लोक उठून गेले. चारच्या जीपनं ते परत आले. घरी न जाता थेट वावराच्या कडेला, टिनाच्या खोलीपाशी उतरले.

खुंटा रिकामा होता. भागिरथाबाई उंबऱ्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पोतं अंथरलं. जीपमध्ये रामकिसनरावांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यात 'तांत्रिक कारणास्तव' आणि 'खेदजनक' असे शब्द होते. ते तोंडातून निघालेच नाहीत.

"दोष गाईत नोता," ते म्हणाले. "वळूत होता. पाखरी चांगली होती."

भागिरथाबाईंनी खुंट्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमाले कधी समजलं?"

बुधवारी, असं म्हणता आलं असतं. कागदावर तारीख बुधवारची होती. कोणत्याही ऑफिसात, कोणत्याही चौकशीत बुधवारच टिकला असता.

"शनिवारी," रामकिसनराव म्हणाले.

भागिरथाबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर रामकिसनरावांना बरं वाटलं असतं. मग त्या म्हणाल्या, "लिहून द्या. पाखरी चांगली होती म्हणून."

"आता त्या कागदाचं काय करान?"

"ठेवीन."

पिशवीत कोरे कागद, पेन आणि शिक्का कायम असायचे. त्यांनी गुडघ्यावर पिशवी ठेवून लिहिलं, 'दाखला देण्यात येतो की, सदर गाय वांझ नव्हती.' जावक क्रमांक तेरा. वाचून दाखवलं. भागिरथाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आता एक माह्या नावाचा बी द्या," त्या म्हणाल्या.

रामकिसनरावांना कळेना. मग भागिरथाबाईंनी सांगितलं, ज्वारीतला खडा काढावा इतक्या सहज. सोळा वर्षं नांदल्या. मूल झालं नाही. सासरच्यांनी वांझोटी म्हणून भावाच्या दारात आणून सोडलं आणि नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीलाही झालं नाही. तिलाही वांझोटीच म्हणायचे. ती विहिरीत गेली. नवरा म्हातारा होऊन, मानानं, घरात मेला.

"दोन बायका, एक माणूस," भागिरथाबाई म्हणाल्या. "तुमच्या रजिस्टरात असता तं कोणाच्या पुढं शेरा मारला असता बाबूजी?"

रामकिसनरावांनी नवा कागद घेतला. 'दाखला देण्यात येतो की, सदर' इथपर्यंत हात सवयीनं गेला आणि थांबला. पुढं काय लिहायचं? तपासणी झालेली नाही, अहवाल नाही, संबंधित व्यक्ती मयत. कोणत्या आधारावर, कोणत्या नियमानं, कोणाच्या सहीनं? चौतीस वर्षांत त्यांचं पेन मजकुरासाठी असं कधी अडलं नव्हतं. ऊन उतरलं. त्यांनी दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं.

"शिक्का मारा," भागिरथाबाई म्हणाल्या. "लिहान सावकाश."

कोऱ्या कागदावर शिक्का मारल्यावरून त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाबू निलंबित झाला होता, आणि त्याच्या चौकशीचं टिपण रामकिसनरावांनीच लिहिलं होतं. त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली, कागद पिशवीवर सरळ केला आणि दाबून मारला. गोल चांगला उमटला.

भागिरथाबाईंनी कागद हातात घेतला, उलटा धरला, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि परत त्यांच्यापुढं केला.

"नंबर राह्यला," त्या म्हणाल्या.